आरोग्य माहितीशास्त्राचा नाशिकमधील वर्ग : नोंद पक्की, दूरसल्ला कच्चा

गंगापूर रोडवरील एका खासगी संस्थेत शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी भरणाऱ्या ‘डिजिटल आरोग्यसेवा व आरोग्य माहितीशास्त्र’ या प्रमाणपत्र वर्गाचे हे परीक्षण आहे. परिचारिका, औषधनिर्माते, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, समुदाय आरोग्य अधिकारी आणि या अभ्यासक्रमांच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी यांच्यासाठी तो चालवला जातो. मी एका परिचर्या महाविद्यालयात पाठ्यनिर्देशिका असून हा वर्ग रीतसर शुल्क भरून, पहिल्या तासापासून परीक्षेपर्यंत पूर्ण केला. संस्थेचे नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे काही गोष्टी स्पष्टपणे लिहायच्या आहेत, आणि मला दिसलेल्या उणिवा त्या एकाच संस्थेच्या आहेत असेही मला वाटत नाही. संस्थेच्या नावापेक्षा प्रवेश घेण्यापूर्वी काय विचारावे हे कळले, तर वाचकाला त्याचा अधिक उपयोग होईल.

भारतीय परिचर्या परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगचा जो सुधारित, सत्रपद्धतीचा अभ्यासक्रम २०२१-२२ पासून लागू केला, त्यात दुसऱ्याच सत्रात आरोग्य व परिचर्या माहितीशास्त्र हा स्वतंत्र विषय असून त्यासाठी ४० तास अध्यापनाचे आणि ४० तास प्रात्यक्षिकाचे ठेवले आहेत. विषय कागदावर आला, पण तो शिकवायचा आम्ही, म्हणजे ज्यांची निम्मी नोकरी केसपेपर, ताप-नाडी-श्वासाचा टीपीआर चार्ट आणि हँडओव्हर रजिस्टर यांत गेली त्यांनी. नाशिकला आरोग्याच्या विद्यार्थ्यांची वानवा कधीच नव्हती. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयच म्हसरूळला आहे. तरीही आधीपासून नोकरीत असलेल्या अधिपरिचारिकेला किंवा उपकेंद्रातील सिस्टरला पोर्टलवर नोंद कशी चढवायची हे कोणी शिकवले, असे विचारले, तर उत्तर बहुधा ‘डेटा एन्ट्रीवाल्या दादाने’ असेच मिळते. दादाने बटण दाखवले, आणि ते बटण कशासाठी आहे हे दादालाही कोणी सांगितलेले नव्हते. ही उणीव भरून काढण्याचा दावा हा वर्ग करतो आणि तो मोठ्या प्रमाणात खरा आहे, हे आधीच सांगून टाकते.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. शुल्क एखाद्या खासगी रुग्णालयात नव्याने लागलेल्या परिचारिकेच्या महिनाभराच्या पगाराच्या आसपास आहे, म्हणजे हलके नाही. दोन हप्त्यांत भरता येते. संगणक दोघांत एक मिळतो. शिकवणे मराठीत होते, पडद्यावरचा मजकूर मात्र इंग्रजीत असतो, आणि ग्रामीण भागातून येणाऱ्या मुलींना पहिले काही आठवडे त्याचा जाच होतो. छापील टिपणे दिली जातात, पण त्यांतील काही पाने जुनी असून सरकारी आरोग्य केंद्रांचे ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव २०२३ पासून रूढ होऊनही टिपणांत अजून ‘हेल्थ अँड वेलनेस सेंटर’च आहे. एक निर्णय मात्र संस्थेने अतिशय शहाणपणाने घेतला आहे: सराव खऱ्या पोर्टलवर न देता कल्पित रुग्णांच्या नोंदी भरलेल्या एका सराव-प्रणालीवर दिला जातो. कोणाच्या तरी खऱ्या लॉगिनने ‘बघा, असे करायचे’ म्हणून खऱ्या रुग्णाची पाने उघडून दाखवणारे प्रशिक्षण मी इतरत्र पाहिले आहे आणि ते मला कधीच रुचले नाही.

शिकवणाऱ्यांपैकी सर्वांत तयारीचे शिक्षक म्हणजे एका मोठ्या रुग्णालयाच्या वैद्यकीय अभिलेख विभागातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी घेतलेल्या तासांसाठीसुद्धा हा वर्ग करावा असे मी म्हणेन. त्यांचा रक्तदाबाचा तास उदाहरणादाखल सांगण्यासारखा आहे. त्यांनी नावगाव काढून टाकलेला, असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीचा एक लांबलचक तक्ता पडद्यावर लावला आणि काहीही न सांगता आम्हाला तो वाचायला सांगितला. १२०/८०, १३०/८०, १२०/८०, ११०/७०, पुन्हा १२०/८०, अशी ती रांग खाली खाली चालली होती. दोन-तीन मिनिटांनी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, सगळे आकडे शून्यावरच संपतायत.” सरांनी एवढेच विचारले, “मशीन कोणते होते?” यंत्र डिजिटल असेल तर शेवटचा अंक शून्य ते नऊ यांपैकी कोणताही यायला हवा, पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोन मिलिमीटरच्या खुणा असतात, म्हणून तेथेही शून्याबरोबर दोन, चार, सहा, आठ दिसायला हवेत. शंभर माणसांचा रक्तदाब गोल आकड्यांतच येत असेल, तर एक तर तो अंदाजाने लिहिला आहे किंवा मोजलाच नाही.

यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा होता. १४० ही सीमा धरली, तर १३६ चे १४० झाल्यावर धडधाकट माणूस संशयितांच्या यादीत जातो आणि १४२ चे १३० झाले, तर ज्याला गोळी सुरू व्हायला हवी तो घरी जातो. एका नोंदीत हा फरक क्षुल्लक वाटतो, पण ३० वर्षांवरील सर्व लोकसंख्येची तपासणी करण्याचा कार्यक्रम ज्या आकड्यांवर औषधांचा साठा मागवतो, ते आकडेच असे असतील तर तालुक्याला किती गोळ्या लागतील याचा हिशोब पायातच चुकतो. रक्तदाब मोजण्याचे प्रात्यक्षिक मी स्वतः वर्षानुवर्षे घेत आले आहे: बाहीचा पट्टा किती रुंद असावा, रुग्णाला आधी पाच मिनिटे बसवावे, हात हृदयाच्या पातळीवर असावा. पण मोजलेला आकडा पुढे कोठे जातो आणि त्याच्या आधारे कोण काय ठरवते, हे परिचर्येच्या पाठाचाच भाग म्हणून इतक्या स्पष्टपणे मांडलेले मी प्रथमच ऐकले. नोंद हे कारकुनी काम नसून शुश्रूषेचाच एक टप्पा आहे, ही या वर्गाची भूमिका आहे, आणि चांगल्या तासांत ती उपदेशाविना कळते.

याच धर्तीवर आणखी काही नोंदींचा प्रवास शिकवला गेला. आशाताई घरी जाऊन असंसर्गजन्य आजारांचा धोका जोखणारा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात ४ पेक्षा अधिक गुण आलेल्या व्यक्तीला तपासणीसाठी आधी बोलवायचे असते, म्हणजे तंबाखूच्या प्रश्नासमोर संकोचाने ‘नाही’ लिहिले की एक माणूस रांगेत मागे जातो. साथरोग सर्वेक्षणाच्या एकात्मिक पोर्टलवर उपकेंद्रातून लक्षणांवर आधारलेला ‘एस’ फॉर्म, डॉक्टरांकडून संभाव्य निदानाचा ‘पी’ फॉर्म आणि प्रयोगशाळेकडून खात्रीच्या निदानाचा ‘एल’ फॉर्म जातो. तिन्ही एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय कोणत्या गावात जुलाबाची साथ उठते आहे हे कळत नाही. क्षयरोगाचे उदाहरण तर सर्वांना चटकन पटले. निक्षय पोर्टलवर रुग्णाच्या बँक खात्याचा एक अंक चुकला, तर पोषण आहारासाठीचे पैसे त्याच्या खात्यात पडत नाहीत. हे साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० वरून १,००० रुपये झाले आहे, आणि मजुरी बुडवून औषध घेणाऱ्या घरात एवढ्या रकमेनेही फरक पडतो. चुकीची नोंद म्हणजे काय, हे सांगायला एवढे उदाहरण पुरते.

रुग्णाची ओळख पटवण्याचा भाग नाशिक जिल्ह्याला विशेष लागू पडणारा होता आणि शिक्षकांनी तो जिल्ह्याच्या अंगानेच शिकवला, ही गोष्ट मला फार आवडली. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील कुटुंबे हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला उतरतात. गरोदर मातेची पहिली नोंद डोंगरातल्या उपकेंद्रात होते, धनुर्वाताची सुई पिंपळगाव बसवंतच्या बाजूला मिळते आणि बाळंतपण कधी जिल्हा रुग्णालयात, तर कधी माहेरच्या वाटेवर गुजरातेतही होते. एका ठिकाणी आडनाव ‘गावित’, दुसऱ्या ठिकाणी रोमन लिपीत एक अक्षर जास्त. एका ठिकाणी नवऱ्याचे नाव, दुसऱ्या ठिकाणी वडिलांचे. आणि जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसल्यामुळे निम्म्या गावाचा वाढदिवस १ जानेवारी. त्यामुळे एकच बाई प्रणालीत तीन बायका होते आणि तिन्हींच्या तपासण्या अपुऱ्या दिसतात. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे व्यक्तीचा आरोग्य ओळख क्रमांक, ही या दुखण्यावरची तोड आहे, असे सांगून न थांबता, आभा क्रमांक नसलेल्या किंवा न सांगणाऱ्या व्यक्तीची जुनी नोंद कशी शोधावी, नवी नोंद उघडण्यापूर्वी कोणत्या तीन-चार गोष्टी ताडून पाहाव्यात, आणि आभा ऐच्छिक असल्यामुळे तो नाही म्हणून उपचार कधीही नाकारता येत नाहीत, हेही नीट समजावले गेले.

मृत्यूच्या कारणाची नोंद हा विषय परिचारिकांच्या वर्गात कशाला, असे काहींना वाटले, आणि मलाही सुरुवातीला तो डॉक्टरांचाच प्रांत वाटत होता. तो तास बसून ऐकल्यावर माझे मत बदलले. रुग्णालयातील मृत्यूसाठी जो ४ क्रमांकाचा नमुना भरतात, त्याच्या पहिल्या भागात सर्वांत वर तात्कालिक कारण आणि त्याखाली क्रमाने त्यामागची कारणे लिहायची असतात. मूळ आजार सर्वांत खालच्या ओळीत येतो. मधुमेही माणसाच्या पायाला गँगरीन झाले, त्यातून जंतुदोष रक्तात पसरला आणि तो दगावला, तर वर जंतुदोष, मध्ये गँगरीन आणि खाली मधुमेह. प्रत्यक्षात पुष्कळदा वरच्या ओळीत ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे’ एवढेच लिहून खालच्या ओळी मोकळ्या सोडल्या जातात. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या संकेतांत तो मृत्यू ‘ई११’ म्हणजे टाइप २ मधुमेहाखाली यायचा तो ‘आय४६’ मध्ये जाऊन पडतो आणि जिल्ह्यात मधुमेहाने किती माणसे जातात, हा आकडा कायमचा लंगडा राहतो. नमुन्यावर सही डॉक्टरांची असते हे खरे, पण केसपेपर लावणारी, फॉर्म पुढे सरकवणारी आणि मोकळी ओळ पाहून “सर, खालचे कारण राहिले” असे म्हणू शकणारी व्यक्ती बहुतेक वेळा वॉर्डातली परिसेविकाच असते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनंतर मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यावी लागते, त्यामुळे मोकळ्या ओळी आता घरचेही वाचतात.

संकेत आणि मानके यांचा तांत्रिक भाग मात्र घाईत उरकला. भारत २०१४ पासून स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञावलीचा सदस्य देश आहे, त्यामुळे ती येथे विनामूल्य वापरता येते आणि तिचे काम पुण्याच्या सी-डॅकमधून चालते. प्रयोगशाळेच्या तपासण्यांसाठी लॉइंक आणि क्ष-किरण प्रतिमांसाठी डायकॉम असते. एका प्रणालीतील माहिती दुसरीला कळावी म्हणून आभाच्या जाळ्यात एफएचआयआर हे मानक वापरतात. ही सारी नावे एकाच दुपारी कानांवरून गेली. प्रयोगशाळा तंत्रज्ञांना त्यातले थोडे लागले, आम्हाला नावे ओळखीची झाली, एवढेच. परिचारिकेला याहून अधिक लागतेच असे नाही, म्हणून यावर मी फारसे गुण कापत नाही.

गोपनीयता आणि संमती यांवरचे दोन तास पुन्हा सरस होते. एकाच लॉगिनवर सगळा वॉर्ड काम करतो आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला असतो, हे चित्र दाखवल्यावर वर्गात हशा पिकला, कारण ते प्रत्येकीने पाहिलेले होते. नंतर शिक्षिकेने विचारले की, त्या लॉगिनने रात्री कोणी इन्सुलिनची मात्रा चुकीची भरली, तर चौकशीत नाव कोणाचे येईल? हशा थांबला. रुग्णाच्या अहवालाचा फोटो वॉर्डाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची सवय, त्यात दिसणारे नाव आणि नोंदणी क्रमांक, तो फोटो पुढे कोणाकोणाच्या फोनमध्ये साठून राहतो, हे सर्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या संदर्भात सांगितले गेले. कायद्याची कलमे पाठ करून न घेता रोजच्या कामात कोठे हात आखडायचा, यावर भर होता.

संमतीचा सराव जोडीने करून घेतला. एकीने परिचारिका व्हायचे, दुसरीने रुग्ण, आणि आभाशी जोडलेली जुनी माहिती नव्या डॉक्टरांना पाहू देण्याची परवानगी घ्यायची. माझ्या जोडीदारणीने, जी कळवणजवळच्या एका उपकेंद्रात काम करते, मला विचारले, “मावशी, तुमचे आधीच्या दवाखान्यातले रिपोर्ट या डॉक्टरांना दिसू देऊ का? फक्त साखरेचे आणि बीपीचे, आणि फक्त या महिन्यापुरते. नको वाटले तर नंतर बंदही करता येते.” तीन साध्या वाक्यांत तिने हेतू, कोणती माहिती, किती काळ आणि माघार घेण्याची सोय हे सारे सांगून टाकले. शहरातल्या आम्ही बऱ्याच जणी ‘ओटीपी सांगा’ यापलीकडे जात नव्हतो. शिक्षिकेने तिचे वाक्य फळ्यावर लिहून ठेवले, ते योग्यच झाले.

सर्व्हर बंद पडल्यावर काय करायचे, याचा सराव हा वर्गातील सर्वांत अनपेक्षित आणि बहुधा सर्वांत उपयोगी भाग. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातील सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकाला कित्येक दिवस कागदावर काम करावे लागले, हे सांगून शिक्षकांनी चालू सरावातच सगळे संगणक बंद केले. हाती फक्त कोरे नमुने. औषध कोणाला किती वाजता दिले हे कागदावर घ्यायचे, प्रणाली सुरू झाल्यावर ते मागाहून चढवायचे आणि चढवताना नोंदीची वेळ व प्रत्यक्ष औषध दिल्याची वेळ वेगवेगळी लिहायची. पहिल्या फेरीत दोन कल्पित रुग्णांना एकच प्रतिजैविक दोनदा दिले गेले, कारण कागदावरची मात्रा कोणी प्रणालीत पाहिली नाही आणि प्रणालीतली कोणी कागदावर. जुन्या परिचारिका येथे नव्या मुलींच्या कितीतरी पुढे होत्या, हे नमूद करायला मला आनंद वाटतो. ज्यांनी आयुष्यभर रजिस्टर सांभाळले त्यांना संगणकाच्या वर्गात प्रथमच वरचष्मा मिळाला.

आता तक्रारीकडे वळते, आणि ती किरकोळ नाही. दूरसल्ला, म्हणजे टेलिमेडिसिन, हा या वर्गाच्या जाहिरातीतील सर्वांत ठळक शब्द आणि प्रत्यक्ष वर्गातील सर्वांत कच्चा भाग आहे. ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला योजनेची आरोग्य केंद्रांसाठीची सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाजवळ बसतो आणि पडद्यावर दूरचा डॉक्टर असतो, ही तिची रचना. वर्गात शिकवले ते एवढेच: लॉगिन कसे करायचे, रुग्ण कसा निवडायचा, कॉल कसा जोडायचा, औषधचिठ्ठी कशी छापायची. हे शिकायला एक दुपार पुरते, आणि येथे तेवढ्यासाठी तीन-चार बैठका घालवल्या. जे शिकवायला हवे होते ते राहिले. दूरचा डॉक्टर रुग्णाला हात लावू शकत नाही. पोट दुखते तेव्हा ते कडक आहे की मऊ, सूज दाबल्यावर खळगा राहतो की नाही, बाळाची छाती श्वासागणिक आत ओढली जाते का, हे पाहून नेमक्या शब्दांत सांगणारी व्यक्ती उपकेंद्रातच बसलेली असते. ड्युटी बदलताना ज्या क्रमाने आपण हँडओव्हर देतो, म्हणजे आत्ता काय झाले आहे, आधीचे काय, मला काय वाटते आणि मला तुमच्याकडून काय हवे, त्या क्रमाने दोन मिनिटांत रुग्ण मांडण्याचा सराव एकदाही झाला नाही. मोबाइलचा कॅमेरा पुरळावर कसा धरावा, उजेड कोणत्या बाजूने असावा, यावर एक वाक्यही नाही.

२५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांचा उल्लेख टिपणांत आहे, पण तारखेपुरताच. त्यांतील कामाची गोष्ट अशी की, रुग्णाने स्वतः संपर्क साधला तर त्याची संमती गृहीत धरतात, परंतु आरोग्य कर्मचाऱ्याने किंवा नातेवाइकाने कॉल लावला, तर स्पष्ट संमती घ्यावी लागते, आणि उपकेंद्रातला जवळजवळ प्रत्येक कॉल या दुसऱ्या प्रकारचा असतो. औषधांच्याही याद्या ठरलेल्या आहेत: काही कोणत्याही माध्यमातून देता येतात, काही पहिल्या सल्ल्यात देण्यासाठी व्हिडिओ लागतो, काही फक्त फेरतपासणीत आधीच्या उपचाराला जोड म्हणून देता येतात, आणि औषध नियमांच्या अनुसूची एक्समधील व अमली पदार्थांच्या वर्गातील औषधे दूरसल्ल्यातून देताच येत नाहीत. औषधनिर्माते वर्गात बसलेले असताना या याद्या न शिकवणे मला अनाकलनीय वाटले. मी तसे विचारलेही. “मॅडम, ते डॉक्टरांनी बघायचे असते,” असे उत्तर मिळाले. संमतीचा इतका सुरेख सराव ज्या वर्गात झाला, त्याच वर्गात हे उत्तर मिळावे याचे आश्चर्य वाटते. दोन शिक्षकांनी एकमेकांचे तास पाहिलेले नसावेत, असा माझा कयास आहे.

भाषेचा प्रश्नही येथेच येतो. सुरगाण्याच्या आजीबाई कोकणा आदिवासींच्या बोलीत दुखणे सांगणार, कर्मचारी ते मराठीत समजून घेणार आणि पडद्यावरचा डॉक्टर कदाचित हिंदीत किंवा इंग्रजीत विचारणार. मधल्या माणसाने काय गाळायचे नाही आणि स्वतःचे काय घालायचे नाही, हे शिकवण्याजोगे कौशल्य आहे. रेंज गेली तर आवाजावर किंवा नुसत्या संदेशावर सल्ला पुढे कसा न्यायचा, किती वेळ थांबायचे आणि कोणत्या लक्षणांना पडद्याचा नाद सोडून सरळ १०८ ला फोन करायचा, हेही. यांपैकी काहीच न शिकता प्रमाणपत्र मिळते, आणि त्यावर ‘दूरवैद्यक’ हा शब्द सोनेरी अक्षरांत असतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक पाहुणे व्याख्याते आले होते. दीड तास चित्रफिती दाखवल्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या छातीच्या क्ष-किरण चित्रांत क्षयाचा संशय शोधण्यासाठी संगणकीय वाचनाची शिफारस केली, ही त्यातील एक ठोस गोष्ट. तिच्यातील वयाची अट ही पडताळून पाहण्याच्या सवयीचा उत्तम पाठ झाली असती, पण व्याख्याते पुढच्या चित्रफितीकडे गेले. मुलांना आवडले. मला त्यातून घेण्यासारखे विशेष मिळाले नाही.

एक गोष्ट नाशिककर म्हणून खटकली. २०१५ च्या सिंहस्थात येथील दवाखान्यांत टॅबलेटवर नोंदी घेऊन रोगसर्वेक्षण करण्याचा प्रयोग झाला होता, आणि २०२७ च्या पर्वण्यांना या वर्गातील निम्म्या मुली रामकुंडापासून त्र्यंबकेश्वरापर्यंत कोणत्या ना कोणत्या तंबूत कामाला असतील. नाव, गाव, भाषा काहीच ठाऊक नसलेल्या गर्दीत कमीत कमी कोणत्या पाच-सहा रकान्यांत कामाची नोंद घेता येईल, याहून चांगला प्रकल्पविषय नाशिकमधील वर्गाला सापडणार नाही. त्याऐवजी प्रकल्प म्हणून सर्वांना ‘डिजिटल आरोग्याचे फायदे व तोटे’ असा विषय दिला गेला. त्यावर काय लिहून आले असेल, हे सांगायला नको.

परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची असून ती उत्तीर्ण होणे अवघड नाही. रोज हजर राहिलेला कोणीही होतो. प्रात्यक्षिकाची वेगळी परीक्षा नाही, हे मला पटत नाही, कारण वर्गाचे खरे बळ प्रात्यक्षिकांतच आहे. प्रवेशाच्या वेळी ‘शंभर टक्के नोकरी’ असा फलक स्वागतकक्षात लावलेला होता. चौकशी केल्यावर तो ‘मुलाखतीची संधी’ इतका खाली आला. हे प्रमाणपत्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीत किंवा शासकीय पदभरतीत गुण मिळवून देणारे नाही, हे संस्थेने माहितीपत्रकावरच छापायला हवे होते. केवळ नोकरीच्या आशेने घरच्यांकडून पैसे घेऊन येणाऱ्या मुलींनी येथे येऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

ज्या आधीच नोकरीत आहेत, ज्यांच्या हातून रोज नोंदी जातात आणि ज्यांना त्या नोंदींचे पुढे काय होते याचे कुतूहल आहे, त्यांच्यासाठी शुल्क वसूल होते. माझ्यासारख्या शिकवणाऱ्यांसाठीही, रक्तदाबाचा तक्ता आणि सर्व्हर बंदचा सराव मी माझ्या दुसऱ्या सत्राच्या प्रात्यक्षिकांत घेऊ लागले आहे आणि दोन्हींना खर्च काही येत नाही. उपकेंद्रात काम करणाऱ्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी मात्र पैसे भरण्यापूर्वी वेळापत्रक मागून घ्यावे आणि तीन प्रश्न विचारावेत: दूरसल्ल्यात रुग्ण मांडण्याचा सराव किती तास आहे, औषधांच्या याद्या कोण शिकवणार, आणि अभिलेख विभागाचे ते निवृत्त शिक्षक या तुकडीला आहेत का. तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर पुढच्या तुकडीपर्यंत थांबावे. नवी तुकडी दर तिमाहीला सुरू होते, आणि रविवारची बैठक सकाळी लवकर सुटत असल्यामुळे मेळा स्थानकावरून दुपारची गाडी पकडून कळवण-सुरगाण्याकडे परतता येते.